काट्यावर न चढलेल्या अकरा बाया

विमानात बसायच्या आधी माणसाला काट्यावर उभं करून त्याचं वजन घेत असत, हे मी आमच्या सुनेला सांगितलं, तर तव्यावरची पोळी जळेपर्यंत ती हसून राहिली. "बाबूजी, आप भी ना!" म्हणे. आता हिला काय सांगू? बापा, नोकरीची पहिली काही वर्षं मी दुसरं केलंच काय? रायपूरच्या माना विमानतळावर माणसं तोलली. सेठ तोलले, साधू तोलले, मंत्री तोलले, आणि एकदा तर नवरदेव तोलला, बाशिंगासकट.

ब्राह्मणपाऱ्यातले आमचे संपादक गेली चार वर्षं मागे लागले आहेत. "रामटेकेजी, सरकारी विमान कंपनीचा सुरुवातीचा काळ तुम्ही पाहिला. ते वैमानिक, त्या हवाई सुंदऱ्या, ते साहेब लोक. दिवाळी अंकासाठी लिहा ना काही." मी टाळत होतो. लिहायला बसलो की पेन एकाच माणसापाशी येऊन अडायचा, आणि त्या माणसाबद्दल खरं लिहायची माझी छाती नव्हती. यंदा लिहितो आहे, कारण यंदा दुसरा इलाज उरला नाही.

झालं असं, की कंपनीच्या निवृत्त मंडळींनी नागपूरला एक स्मरणग्रंथ काढायचं ठरवलं. सुरुवातीच्या काळातले नामवंत वैमानिक, विमानातले कर्मचारी आणि वरिष्ठ अधिकारी. प्रत्येकाचा एक फोटो आणि खाली तीन ओळी. छापण्याआधी तपासायला म्हणून कच्ची पानं आम्हा म्हाताऱ्यांकडे पाठवली. सुनेने मोबाइलवर मोठी करून दाखवली. कॅप्टन दळवी! टोपी किंचित डावीकडे कललेली, ओठावर हसू दाबलेलं. पहिली ओळ, महायुद्धानंतर आलेल्या पहिल्या तुकडीतले वैमानिक. दुसरी, डाकोटा विमानावरचे नावाजलेले हात. आणि तिसरी, 'रायपूर येथे स्वतःच्या चुकीमुळे उड्डाण फसल्यानंतर त्यांची मालवाहू विभागात बदली झाली.'

ती तिसरी ओळ खोटी होती. ती खोटी आहे हे जगात एकाच जिवंत माणसाला माहीत होतं, तो म्हणजे मी. असं निदान मी समजत होतो. आणि हा ग्रंथ भर सभेत कॅप्टनसाहेबांच्या मुलीच्या हातात देणार होते.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत पॉइंट्समन म्हणून रायपूरला आले. मी मॅट्रिक झालो आणि विमान कंपनीत चिकटलो. पद ट्रॅफिक असिस्टंट. नाव मोठं दिसतं, पण काम कारकून आणि हमाल यांच्या मधलं होतं. तेव्हाचं माना म्हणजे एक धावपट्टी, एक पत्र्याचं शेड, वारा दाखवणारी कापडाची लांब पिशवी, आणि गाई. विमानाचा आवाज आला की आमचे लोडर मंगलू भैया सायकलवर टांग टाकून धावपट्टीवर जायचे आणि गाईंना छत्तीसगढीत आई-बहिणीवरून समजावून यायचे. मग विमान उतरायचं.

ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला माझं खरं काम एका वाक्यात कळेल. गाडीत ओझं मागे जास्त झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं तर बैलाच्या मानेवर येतं. विमानाचंही तेच. माणसं किती, सामान किती, कोण पुढे बसला, कोण मागे, यावरून भार मधोमध आहे की नाही ते काढायचं, एका कागदावर लिहायचं आणि कॅप्टनपुढे ठेवायचं. त्यांनी सही केली की कागद पक्का. डाकोटा लहान विमान, सव्वीस-अठ्ठावीस माणसांचं. तिथे दहा किलोची चूक विमान पोटात घालतं. शंभर किलोची चूक घालत नाही.

म्हणून काटा. शेडच्या दाराशी एक भलामोठा लोखंडी काटा होता. आधी त्यावर सामान तोलायचं, मग माणसं. आणि माणूस काय काय नखरे करतो, ते मला विचारा! एक वकील साहेब श्वास आत ओढून उभे राहायचे, म्हणजे वजन कमी भरेल. एक बाबाजी म्हणाले, शरीर मिथ्या आहे. मी म्हटलं, महाराज, मिथ्या असलं तरी चौऱ्याऐंशी किलो आहे.

भिलाईच्या कारखान्यातले रशियन इंजिनिअर यायचे. धिप्पाड माणसं, लाल गाल, हसरे. त्यांना काट्याची भारी मौज वाटायची. एकदा दोघं गळ्यात गळे घालून एकदमच चढले. काटा खाडकन शेवटाला जाऊन टेकला. मंगलू भैया ओरडले, "ए दे, काटा मर गे!" त्या दिवसापासून रशियन आले की मंगलू भैया आधी काट्याला हात जोडायचे.

पण सगळ्यांत गाजली ती एका जुन्या संस्थानच्या राजेसाहेबांची गोष्ट. ते काट्याकडे बघेनात. "धान तोला जाता है, राजा नहीं," म्हणाले. आमचे स्टेशनचे साहेब घामाघूम. "जाऊ दे रामटेके, अंदाजे लिही." तेवढ्यात कॅप्टन दळवी आले. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, पायात चकचकीत बूट. त्यांनी काय चाललं आहे ते विचारलं, मंगलू भैयांच्या कानात काही सांगितलं आणि आत गेले. पाच मिनिटांत काट्याला झेंडूच्या माळा लागल्या. मग कॅप्टन बाहेर येऊन वाकून म्हणाले, "महाराज, आज आपली तुला करायची आहे." राजेसाहेब प्रसन्न! जोडे काढून चढले. एकशे दोन किलो. तुला झाली म्हणजे दान आलं. महाराजांनी गावातून गुळाची भेली मागवली आणि सगळ्या लोडरांना वाटली. विमान अर्धा तास उशिरा गेलं, पण कागदावर आकडा खरा गेला. जाताना कॅप्टन मला म्हणाले, "रामटेके, माणसाचा मान आणि विमानाचा भार, दोन्ही सांभाळायचं असतं. मान सांभाळताना आकडा सोडायचा नाही." मी हो म्हटलं. तेव्हा मी पोट्टाच होतो, कोणी मोठं माणूस काही बोललं की हो म्हणायचो.

कॅप्टनसाहेब कोल्हापूरकडचे. युद्धात मालाची विमानं उडवलेली. उंची फार नाही, आवाज बारीक, पण शेडमध्ये आले की आमचे साहेबसुद्धा खुर्चीतून अर्धे उठायचे. त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा हवाई सुंदरी मिस फर्नांडिस असायच्या. सुंदरी हा शब्द त्यांना अजिबात आवडायचा नाही. "मैं उलटी की थैली पकड़ती हूं, इसमें सुंदर क्या है?" म्हणायच्या. उन्हाळ्यात दुपारी विमान जात्यात सापडल्यासारखं हलायचं. प्रवासी देवाचा धावा करत असताना ही बाई एका हाताने सीट धरून, दुसऱ्या हाताने लिंबाच्या गोळ्या वाटत फिरायची. मला आजपर्यंत भेटलेल्या धीट माणसांत त्यांचा नंबर फार वर आहे.

आता माझ्या डोळ्याबद्दल. आमचे आजोबा भंडाऱ्याच्या बाजारात बकरी नुसती पाहून तिचं वजन सांगायचे. इस्टेट म्हणून नातवाला तेवढंच मिळालं. सहा महिने माणसं तोलल्यावर माझ्या लक्षात आलं, की काट्याच्या आधी माझाच आकडा तयार असतो. माणूस शेडमध्ये शिरला की मनात उमटायचं, एकसष्ट. काटा म्हणायचा, एकसष्ट. फार तर एकाचा फरक.

कॅप्टनसाहेबांना हे कळलं आणि त्यांना खेळणंच मिळालं. चहाच्या पैजा सुरू झाल्या. "रामटेके, तो धोतरवाला?" "पंचावन्न, सर." "ती छत्रीवाली मडम?" "अडुसष्ट, छत्री सोडून." माणूस काट्यावर चढायचा, आकडा जुळायचा, आणि कॅप्टन मांडीवर थाप मारून हसायचे. "अरे, काट्याला सुट्टी देऊन टाका रे!" नागपूरला, कलकत्त्याला त्यांनीच माझी कीर्ती नेली. नवीन वैमानिक आले की आधी विचारायचे, "वो तराजू आंखवाला कौन है?" मी छाती फुगवून उभा राहायचो. आपल्याला कोण ओळखतं हो जगात? पॉइंट्समनच्या पोराला खांद्यावर सोनेरी पट्ट्यावाले ओळखू लागले होते.

त्याच हिवाळ्यात कंपनीत नवी विमानं येणार अशी हवा होती. ती उडवायला शिकण्यासाठी काही निवडक वैमानिक परदेशी जाणार होते. यादीत कॅप्टन दळवींचं नाव होतं. त्यांनी खिशातून एक चित्र काढून मला दाखवलं. शाळकरी मुलगा पतंग दाखवतो तसं. "बघ, हिला मागचं चाक नाही, पुढे आहे. ही जमिनीवर सरळ उभी राहते. डाकोटासारखी शेपटीवर बसत नाही." दोन महिन्यांनी निघायचं होतं. त्यांची मुलगी तेव्हा आठ-दहा वर्षांची, तिला काय आणायचं याचीही यादी त्यांनी केली होती.

मग तो दिवस उजाडला. लग्नसराई, थंडी. कलकत्त्याला धुकं होतं, म्हणून विमान दोन तास उशिरा आलं. इथल्या एका राईस मिलवाल्या सेठजींचं सगळं घर नागपूरला लग्नाला निघालेलं, त्यात बाया अकरा. गाठोडी इतकी, की मंगलू भैयांनी तोलता तोलता शेडभर थप्प्या लावल्या. पुरुष तोलून झाले. बायांची पाळी आली तर म्हातारी सेठाणी घुंघट ओढून म्हणाली, "मरदां के सामने कांटे पर? हम चना-गेहूं हैं के?" झालं! अकराच्या अकरा जणी भिंतीकडे तोंड करून बसल्या. काटा रिकामा पाहून मंगलू भैयांनी काही गाठोडी परत त्यावरच रचून ठेवली.

सेठजींनी हात जोडले. "रामटेके बाबू, अंदाज से लिख दो ना. तुम्हारी आंख तो हवाई जहाजवालों में मशहूर है."

तिथेच घात झाला माझा. विमान उशिरा होतं हे खरं, साहेब ओरडत होते हेही खरं, पण मी भुललो तो त्या 'मशहूर'ला. पेन काढला आणि भिंतीकडे बघत लिहून टाकलं, अठ्ठेचाळीस, बावन्न, पंचेचाळीस, म्हातारी एकेचाळीस. कॅप्टनसाहेब शेडमध्ये आले, "सगळं ठीक?" विचारलं. मी "हो सर" म्हटलं. त्यांनी सही केली आणि निघाले.

डाकोटा जमिनीवर शेपूट टेकून उभी राहते, त्यामुळे आतली वाट चढाची असते, आणि दार मागे. त्या बाया दारातून शिरल्या, वर चढाकडे पाहिलं आणि मागेच बसकण मारली. मिस फर्नांडिस दारात येऊन मला म्हणाल्या, "रामटेके, इतनी सारी औरतें पीछे?" मी खालून ओरडलो, "बैठने दो मिस, हल्की हैं!"

हल्की! शालीखाली कमरेला चांदीच्या करधनी, पायात लच्छे, दंडात, गळ्यात, जिथे जागा मिळेल तिथे चांदी. वर प्रत्येकीच्या पोटाशी शालीत गुंडाळलेलं लग्नाचं पितळी भांडं, कारण सामानात दिलं तर पोचे पडतील. माझा डोळा देहाचा अंदाज करणारा. चांदी-पितळ त्याच्या बापजन्मात त्याने तोललं नव्हतं.

विमान धावलं. अर्धी पट्टी झाली की डाकोटाची शेपूट उचलली जाते, ते रोज पाहून मला पाठ झालं होतं. त्या दिवशी उचलली नाही. पाऊण पट्टी झाली. शेपूट खालीच. मग इंजिनांचा आवाज एकदम पडला. कॅप्टननी उड्डाण सोडलं होतं. पण पट्टी संपली, विमान पुढच्या कापलेल्या धानाच्या शेतात शिरलं, शेताची एक मेड, म्हणजे बांध, तोडली, दुसऱ्या मेडीला नाक लावून उभं राहिलं. मी धावत सुटलो. मंगलू भैया सायकलवरून मला मागे टाकून गेले.

दार उघडलं आणि सगळ्यांत आधी बाहेर काय आलं असेल? पितळेची परात. ठणठणत शेतात लोळत गेली. मागोमाग मिस फर्नांडिस, साडी खोचलेली, एकेकीला हाताला धरून उतरवणाऱ्या. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, हे त्यांचं आणि कॅप्टनसाहेबांचं कसब. बायांनी शेतातच देवाचं नाव घेऊन रडायला आणि भांडी मोजायला सुरुवात केली.

म्हातारी सेठाणी दारात अडली होती. कॅप्टननी खालून हात पुढे केले आणि तिला उचलून खाली घेतलं. घेताना ते किंचित वाकले, पाय रोवले. तिला जमिनीवर ठेवलं, सरळ झाले आणि वीस पावलांवरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या कागदावर ती म्हातारी एकेचाळीस किलोंची होती.

ते चालत जवळ आले. आवाज नेहमीसारखाच बारीक. "रामटेके, काट्यावर उभं केलं होतंस यांना?"

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. घरी वडील, आई, दोन बहिणी, आणि शांताशी लग्न ठरलेलं. हे सगळं मी आज सांगतो. त्या क्षणी मनात नुसती भीती होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, "हो सर."

ते म्हणाले, "बरं."

सेठजींचं घर दुपारच्या गाडीने लग्नाला निघून गेलं, चांदी-पितळासकट. आता कोणाला काट्यावर उभं करणार?

चौकशीला मुंबईहून खुद्द बडे साहेब आले. पूर्वी फौजेतले, पांढऱ्या मिशा, माणूस मोठा शिस्तीचा. आल्या आल्या कोट काढला आणि स्वतः काट्यावर चढले. "पहले मुझे तौलो. फिर मेरे साथवालों को. जिस कांटे की जांच करनी है उस पर खुद चढ़ना चाहिए." असे साहेब मी पुन्हा पाहिले नाहीत. पण उतरण्याआधी, काट्याची सुई मला दिसत नाही अशा बेताने उभे राहून त्यांनी मला विचारलं, "सुना है तुम आंख से तौलते हो. बताओ, मैं कितना?"

एक्क्याऐंशी. मला लखलखीत दिसत होतं, एक्क्याऐंशी. कॅप्टन दळवी खिडकीपाशी उभे होते.

मी म्हटलं, "नहीं सर. वो तो लोग मज़ाक करते हैं."

साहेब कॅप्टनकडे वळले. "दळवी, वजन किसने देखा?"

"सर, कागद पर सही मेरी है," कॅप्टन म्हणाले. "मैंने देखा."

गंमत बघा. माझा कागद बरोबर ठरला, म्हणजे भार बरोबर होता, म्हणजे विमान उचललं गेलं नाही तो दोष उडवणाऱ्याचा. इतकं साधं गणित. यादीतून कॅप्टनांचं नाव गेलं. त्यांना आसामकडे माल वाहायला पाठवलं, तांदूळ, मीठ, रॉकेलचे डबे. नवी विमानं दुसऱ्यांनी उडवली. मी पक्का झालो, लग्न झालं, पुढे स्टेशनचा साहेबसुद्धा झालो.

पुढच्याच आठवड्यात मी काट्याभोवती पडदा लावला, आणि बायांचं वजन बघायला आमच्या झाडूवाल्या फुलबाई दीदींना शिकवलं. एकही बाई पुन्हा अडली नाही. इतकं सोपं होतं ते! पुढे दुसऱ्या गावांच्या विमानतळांनीही तो पडदा उचलला, आणि त्याचं कौतुक झालं की माझी मान खाली जायची. कोणाचं वजन मात्र मी त्यानंतर डोळ्याने सांगितलं नाही. सुनेला माहीतही नाही मला ते येतं.

कॅप्टनसाहेब त्यानंतर एकदाच भेटले. मालाचं विमान तेलासाठी उतरलं होतं. केस पांढरे झालेले. त्यांनी पडदा पाहिला, बाजूला सारून आत डोकावले. "छान केलंस," म्हणाले. शब्द माझ्या जिभेवर आले होते, आईशप्पथ आले होते. तेवढ्यात मंगलू भैया गाई आल्या म्हणून ओरडत आले, आणि मी गाईंकडे धावलो. मुद्दाम धावलो. काही वर्षांनी कॅप्टनसाहेब गेल्याचं कळलं.

तर ती कच्ची पानं. तीन दिवस मी मोबाइल घेऊन अंगणात बसून होतो. आम्ही आता बीरगांवात राहतो, मुलगा उरल्याला रोलिंग मिलमध्ये आहे, त्याच्या शिफ्टप्रमाणे आमचं घर उठतं-झोपतं. तिसऱ्या दिवशी शांता समोर येऊन उभी राहिली.

"काहून? जेवण नाही धड, बोलणं नाही. काय पाहून राहिले त्यात?"

मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला साठ वर्षं होत आली, पहिल्यांदा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "इतके वर्ष माह्यासंगं राहिले, अन् हे पोटात ठेवलं? त्या पोरीचा बाप बदनाम होऊन राहिला, अन् तुमी बोट फिरवून राहिले मोबाइलवर. लिहा आत्ताच्या आत्ता. मले दाखवा काय लिहिलं ते."

मी ग्रंथवाल्यांना पत्र लिहिलं. त्यांच्या तरुण कार्यकर्त्याचा फोन आला, फार गोड बोलला. "अंकल, इतनी पुरानी बात है. हम तीसरी लाइन ही हटा देते हैं. किसी को बुरा नहीं लगेगा."

खरं सांगतो, मोह झाला. ओळ गेली, माझं नाव नाही, त्यांचा डाग नाही, सगळे खूश. शांताला सांगितलं तर ती उसळली. "छपाईतून जाईन, लोकायच्या डोक्यातून कशी जाईन? अन् तुमच्या?"

मी ग्रंथवाल्या पोराला फोन करून म्हटलं, ओळ काढायची नाही, बदलायची. तो अडखळला. "पर अंकल, आप तो लिस्ट में ही नहीं हैं. इसमें सिर्फ पायलट, क्रू और लीडर्स हैं." म्हटलं, बाळा, मग आता घे.

असा मी नामवंतांच्या ग्रंथात घुसलो. कॅप्टन दळवींच्या फोटोखाली, तिसऱ्या ओळीत. 'रायपूर येथे ट्रॅफिक असिस्टंट रामटेके यांनी प्रवाशांचं वजन न करताच आकडे लिहिले, विचारल्यावर खोटं सांगितलं. उड्डाण फसल्याचा दोष कॅप्टन दळवींनी स्वतःवर घेतला.'

नागपूरला मी आणि शांता शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो होतो. कॅप्टनसाहेबांच्या मुलीला व्यासपीठावर बोलावलं. पांढरे केस, काठाची सुती साडी, शाळेत हेडमास्तरीण होत्या. त्यांनी ग्रंथ उघडला आणि तिन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, तोच बारीक, स्वच्छ आवाज. माझं नाव सभागृहात ऐकू आलं. कोणी टाळी वाजवली नाही. त्या खाली उतरल्या, पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीपाशी थांबल्या नाहीत, विचारत विचारत मागे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"तुम्ही रामटेके."

"हो बाई. मीच तो."

"एक गोष्ट या पुस्तकात राहिली आहे," त्या म्हणाल्या. "बाबांना माहीत होतं. सही करायला शेडमध्ये आले तेव्हा काट्यावर गाठोड्यांची थप्पी होती. त्यावर अकरा बाया उभ्या राहणं शक्यच नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि तरी सही केली. म्हणायचे, उशीर झाला होता, आणि त्याचा डोळा चुकत नाही हे मीच गावोगाव सांगत सुटलो होतो. चूक माझीच."

"मग त्यांनी मले विचारलं काहून? माहीत होतं तर विचारलं काहून?"

त्यांनी मांडीवरचा ग्रंथ मिटला. "तुम्ही काय सांगता, ते त्यांना बघायचं होतं."

ऐंशी ओलांडलेला माणूस मी, भर सभेत हुंदका देऊन रडलो. समोरचे लोक मागे वळून बघत होते. शांताने पदर माझ्या हातात दिला.

"लई उशीर झाला, बाई," मी म्हटलं.

"हो, झाला," त्या म्हणाल्या. जाऊ द्या म्हणाल्या नाहीत, विसरा म्हणाल्या नाहीत. बापाचीच लेक. कार्यक्रम संपेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या, आणि मग उठून शांताला म्हणाल्या, "चला वहिनी, यांना घेऊन आमच्याकडे जेवायला चला."